एकोणपन्नास वाव आणि एक हात

उन्हाळ्यात दुपारी साडेबारानंतर आमच्या जाम गावात कोणी जागं दिसलं, तर लोक त्याच्या तब्येतीची चौकशी करतात. ट्रकवाले ट्रकच्या पोटाखाली सतरंजी टाकून झोपतात. दुकानदार कूलरच्या तोंडाशी डोकं ठेवतात आणि कूलरसोबत घोरतात. हायवे तेवढा चालू असतो, पण तोही झोपेत चालल्यासारखा. लांबून येणारा ट्रक आधी पाण्यात उभा दिसतो, मग पाण्यावरून चालत येतो आणि जवळ आला की साधा सिमेंटचा ट्रक निघतो.

या एवढ्या झोपेत सव्वीस वर्षं दोन माणसं जागी होती. एक माझे बाबा, पुंडलिकराव. त्यांचं हायवेच्या अलीकडे दोराचं दुकान आहे. ट्रकवरचा माल बांधायचा दोर, सुतळी, ताडपत्री. दुसरे रूपराव. त्यांचा अगदी समोर, हायवेच्या पलीकडे धाबा आहे. दोघं बुद्धिबळ खेळायचे. रस्ता तेव्हा दोन ट्रक जेमतेम पार होतील एवढाच होता आणि त्याच्या कडेला एक कडुलिंब होता. त्याच्याखाली पट मांडला की दोघांनाही आपापला गल्ला दिसायचा. कोणी गिऱ्हाईक आलं की त्याचा मालक उठून जायचा, विकून परत यायचा.

बाबा अर्ध्या मिनिटात चाल करत. रूपराव एका चालीला चाळीस मिनिटं घेत. रूपरावांची चाल पडेपर्यंत बाबा दोन ट्रकांना दोर देऊन, जेवून, हात धुवून, थोडं पडून परत येत. डाव दोन-तीन आठवडे चालायचा. कोण जिंकलं हे दोघांपैकी कोणी लक्षात ठेवलं नाही. एक डाव संपला की सोंगट्या मांडताना दोघं थोडे उदास व्हायचे, एवढं मला आठवतं.

मग रस्ता चौपदरी झाला. लिंब गेला. मधे कमरेएवढा दुभाजक आला आणि त्याच्या दोन्ही बाजूंनी गाड्या अशा धावू लागल्या की बाबांसारखा गुडघे धरून चालणारा माणूस पलीकडे पोचेपर्यंत त्याचं श्राद्ध होऊन जाईल. पलटायची जागा दीड किलोमीटरवर. म्हणजे समोरच्या धाब्यावर जायला तीन किलोमीटर.

मी बाबांना दोनदा मोटरसायकलवर नेलं. तिसऱ्यांदा ते आले नाहीत.

"काऊन?" मी विचारलं.

"गाडीवर बसून गेलो का मी पाहुना होतो," बाबा म्हणाले. "थो स्पेशल चहा मांडते. मले कप-बशी देते. कप-बशी घेतल्यावर मानसाचा वजीर मारता येत नाई."

फोनचाही उपयोग नव्हता. रूपरावांकडे मोबाइल होता, पण ते त्यात फक्त 'हॅलो' म्हणत. समोरचा काही बोलला की पुन्हा 'हॅलो' म्हणत. असं पैसे संपेपर्यंत चालायचं.

यंदा, दोन हजार नऊच्या एप्रिलमध्ये, एका ट्रक ड्रायव्हरने रूपरावांची चिठ्ठी आणून दिली. सिगारेटच्या पाकिटाच्या आतल्या पांढऱ्या बाजूवर लिहिलं होतं: 'दुपार जात नाही. धनराजने पिपरी मेघेला दोन खोल्या वाढवल्या. ३१ मेला टेम्पो घेऊन येतो म्हणते. मी हो म्हणलो. धाबा बंद. तुमचा रूपराव.'

धनराज हा रूपरावांचा मुलगा, वर्ध्याला नोकरीत आणि वर्ध्याला लागून असलेल्या पिपरी मेघेत राहायला. भला माणूस. त्याच्यावर राग धरायचीसुद्धा सोय नव्हती.

बाबांनी चिठ्ठी वाचली, घडी केली आणि खिशात ठेवली. संध्याकाळी आईने मला स्वयंपाकघरात बोलावलं.

"धीरज, तुह्या बापाले पाह्य थोडं. आज दुपारभर सुतळीच्या गोळ्याशी बोलून राह्यले होते."

"काय बोलत होते?"

"शह म्हनत होते."

"मंग गोळ्यानं काय केलं?"

"मसकरी नोको करू," आई म्हणाली आणि मग पोळी लाटता लाटता हळूच, "त्यायनं वाट पाह्यली बराच वेळ."

मी तेवीस वर्षांचा आहे आणि एका बंद पडलेल्या कॉम्प्युटर क्लासात सर होतो. क्लास बंद पडला तेव्हा मालकाने मला दोन जुने कॉम्प्युटर दिले होते. एकावर आईने धणे वाळत घातले होते. दुसरा नुसताच पडून होता. मला वाटलं, एक कॉम्प्युटर इकडे, एक तिकडे, मधे केबल. दोघांनी पडद्यावर खेळावं. बाबांना सांगितलं तर ते म्हणाले, "मधी काय म्हनला?"

"केबल. वायर."

"म्हनजे दोर."

"तसंच समजा."

चिठ्ठी आल्यापासून पहिल्यांदा बाबा दुपारी चप्पल घालून उभे राहिले.

आमच्या दुकानाच्या मागून एक नाला जातो आणि हायवेच्या खालून पाइपाच्या मोरीतून रूपरावांच्या धाब्यामागे निघतो. मोरीतून माणूस जाऊ शकत नाही, पण रूपरावांचा कुत्रा जायचा. त्याचं नाव तहसीलदार, कारण तो कधी जागेवर सापडत नसे. तो धाब्यावर तर्री खाऊन मोरीतून आमच्याकडे पोळी खायला यायचा. चौपदरी रस्त्याने ज्याचं काहीच बिघडवलं नव्हतं असा पंचक्रोशीत तो एकटाच होता.

बाबांनी त्याच्या कमरेला सुतळी बांधली. तहसीलदार बारा वाजता मोरीत शिरला आणि मधोमध झोपला. मोरीत गार असतं. आम्ही सुतळीचं टोक धरून बसलो. वर ट्रक जात होते आणि त्यांचा आवाज मोरीतून असा येत होता, जणू जमिनीखाली कोणी फार मोठं जातं फिरवत आहे. मलाही डुलकी लागली. स्वप्नात मी सुतळीच्या टोकाला होतो आणि कुत्रा मला धरून बसला होता. साडेचारला सुतळीने झटका घेतला आणि पलीकडून रूपरावांची हाक आली, "आला वो!"

बाबांनी सुतळी ओढून घेतली आणि मोजली. दोराच्या धंद्यात मीटर नसतो, वाव असतो. दोन्ही हात पसरले की एका हाताच्या बोटांपासून दुसऱ्या हाताच्या बोटांपर्यंत एक वाव. बाबा प्रत्येक वावेला छाती उघडून उभे राहत, जणू कोणाला मिठी मारणार आहेत आणि माणूस येत नाहीये. एकोणपन्नास वाव आणि एक हात. मीटरमध्ये नव्वद.

दुसऱ्या दिवशी आम्ही वर्ध्याला स्वप्निलच्या दुकानात गेलो. स्वप्निल माझा वर्गमित्र. कॉम्प्युटरचं सामान विकतो आणि गिऱ्हाइकाला सगळं समजावून सांगतो, म्हणून त्याच्याकडे गिऱ्हाईक कमी असतं.

"शंभर मीटरच्या आत हाये म्हनजे जमते," तो म्हणाला. "आता दोन ऑप्शन हायेत, काका. हे करडी, कॅट फाइव्ह. अन् हे निळी, कॅट सिक्स."

"फरक?" बाबांनी विचारलं.

"निळी दहापट फास्ट. आत चार जोड्या असतात तारांच्या. कॅट फाइव्हमधी चारही जोड्या एका घरात भाड्यानं राह्यल्यासारख्या. हिचं बोलनं तिले ऐकू जाते. कॅट सिक्समधी मधात प्लास्टिकचा कना हाये, चार खोल्या केल्यासारख्या. कोनी कोनाचं ऐकत नाई. म्हनून स्पीड."

"बरं. अन् वाईट काय हाये तिच्यात?"

"जाड हाये. वळत नाई लवकर. कोपऱ्यात मोडून दाबली तं बिघडते. टोकाले क्लिप बसवाले घाम निघते. महाग हाये. अन् खरं सांगू का," स्वप्निलने माझ्याकडे पाहून आवाज खाली आणला, "तुमचे दोन्ही कॉम्प्युटर इतके जुने हायेत का त्यायले कॅट सिक्सचा स्पीड समजनारच नाई. बुद्धिबळच खेळाचं हाये ना बे? एक चाल म्हनजे किती डेटा? काईच नाई. कॅट फाइव्हवरून ते पापनी लवाच्या आत जाते."

"अन् निळीवरून?"

"पापनी लवाच्या आधी."

मी हिशेब केला. रूपराव चाळीस मिनिटं विचार करणार. त्यानंतर ती चाल सेकंदाच्या हजाराव्या भागात पोचली काय आणि दहा हजाराव्या भागात पोचली काय. हे मी बाबांना सांगितलं. बाबा ऐकत नव्हते. त्यांनी दोन्ही केबलींचे तुकडे मागून घेतले होते आणि चाकूने सोलून आतल्या तारा उलगडत होते. तांबड्या-पांढऱ्या, हिरव्या-पांढऱ्या बारीक तारा, एकमेकींना वेटाळलेल्या. बाबांच्या चेहऱ्यावर असं काही आलं, जे मी फक्त काथ्याचा उत्तम दोर हातात आल्यावर पाहिलं आहे.

"हे तं पिळली हाये," ते म्हणाले.

"हो काका, प्रत्येक जोडीले पीळ असते. त्याच्यानंच गडबड होत नाई."

"हे कोनं सांगतलं यायले?"

"कोनाले?"

"कंपनीवाल्यायले. पिळल्याबिगर दोराले जीव येत नाई, हे आमच्या धंद्यातलं हाये." ते निळीचा पीळ नखाने मोजत होते. "करडीचा पीळ सैल हाये. घाईत केला. निळीचा घट्ट हाये, अन् चारी जोड्यायचा येगयेगळा. हे ज्यानं केलं थो मानूस बसून करनारा हाये."

"मशीन करते, काका."

"मशीन बसवाले मानूस लागला असन ना? किती वजन पेलते?"

स्वप्निल गोंधळला. "काका, याच्यातून डेटा..."

"तेच इचारून राह्यलो. किती?"

स्वप्निलने आयुष्यात पहिल्यांदा काही समजावून सांगितलं नाही. शेवटी बाबांनी दोन्ही घेतल्या, करडी आणि निळी, बावन्न-बावन्न वाव. "पाहून ठरवतो," म्हणाले. स्वप्निलने दोन्ही मीटरमध्ये मोजून दिल्या.

टोकाला क्लिप बसवायचं पकड-यंत्र त्याच्याकडे त्या दिवशी नव्हतं, म्हणून मी दोन दिवसांनी एकटाच परत वर्ध्याला गेलो. सकाळी गेलो, दुपारी आलो. बसमधून उतरलो तर दुकानामागच्या मोकळ्या जागेत हवेत दोन रेघा दिसल्या. उन्हात डोळे दिपले होते, म्हणून आधी वाटलं, डोळ्यातच आहेत. एक करडी आणि एक निळी. बाभळीपासून बोरीपर्यंत, तिथून विहिरीच्या खांबापर्यंत आणि परत. निळीवर सात चिमण्या बसल्या होत्या. करडीवर एकही नव्हती. दोन्हींच्या टोकाला एकेक पाटा लोंबत होता, आणि त्यातला एक आमच्या घरातला, ज्यावर सकाळी आई चटणी वाटत होती. केबलींमधून थेंब थेंब पाणी गळत होतं.

बाबा खाटेवर बसून समाधानाने पाहत होते.

"बाबा, हे काय केलं?"

"रात्रभर टाक्यात भिजवली. आता ताण देऊन राह्यलो."

"काऊन?"

बाबांनी माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी शाळेत गेलोच नव्हतो. दोराच्या धंद्यात कोरा दोर कोणी मालावर टाकत नाही. आधी रात्रभर भिजवायचा, मग वजन लावून ताणायचा. त्याला जेवढं लांबायचं ते इथेच लांबून घेऊ द्यायचं. नाहीतर तो रस्त्यात लांबतो, गाठ सैल होते आणि आदिलाबादच्या घाटात माल ड्रायव्हरच्या पुढे निघून जातो. आमच्या दुकानातून कोरा दोर कधी गेला नाही. आजोबांच्या वेळेपासून नाही.

"टोकं भिजवली नाई," बाबा म्हणाले. "टोकं भिजली का उसवतात. तेवढं कळते मले."

मी मोजलं. करडी एक वाव लांबली होती आणि आत तिच्या दोन तारा तुटल्या होत्या. निळी चार बोटं लांबली होती. मी तिच्या दोन्ही टोकांना क्लिप बसवल्या. घाम निघाला, स्वप्निल बोलला होता तसा. तपासली. चारही जोड्या जिवंत होत्या. मधल्या कण्यामुळे वाचल्या असाव्यात, किंवा चिमण्यांमुळे.

अशा रीतीने आमची निवड झाली. जगात लोक कॅट सिक्स का घेतात याची कारणं वेगळी असतील. आम्ही ती घेतली कारण तिने पाटा पेलला.

तहसीलदारने सुतळी पुन्हा पलीकडे नेली, सुतळीने दोर नेला, दोराने निळी केबल. वीस मेला दोन्ही कॉम्प्युटर जोडले. कॉम्प्युटरांनी आपसात बराच वेळ विचार केला आणि सगळ्यात खालच्या, दहाच्या वेगावर एकमत केलं. शंभर नाही, हजार नाही. दहा. बाजारातली वेगवान केबल आम्ही बैलगाडीच्या चालीने चालवत होतो, पण चालत होती.

त्या दिवशी सकाळी अकरा वाजता डाव मांडला. बाबांनी प्यादं दोन घरं पुढे ढकललं. मी मोटरसायकलवरून धाब्यावर जाऊन रूपरावांजवळ बसलो होतो. त्यांच्या पडद्यावर प्यादं आपसूक सरकलं. रूपरावांनी पडद्याच्या मागे वाकून पाहिलं.

"पुंडलिकराव हायेत काय आतमधी?"

"नाई काका. तिकडं दुकानात हायेत."

"मंग इतक्या लवकर कसं काय आलं?" ते रस्त्यापलीकडे पाहू लागले. चार पदरांच्या पलीकडे, उन्हाच्या थरथरीत बाबा खाटेवर बसलेले दिसत होते, जणू पाण्याच्या तळाशी नाणं दिसावं. रूपरावांनी हात वर केला. तिकडूनही एक हात वर झाला. मग रूपरावांनी गाल हातावर टेकवला आणि विचारात गेले.

बाराला लाइट गेली.

या उन्हाळ्यात आमच्याकडे बारा ते चार लोडशेडिंग होतं. हे मला माहीत होतं. जाममध्ये ते कुत्र्यालाही माहीत होतं. पण केबल निवडायच्या भरात कोणाच्या डोक्यात आलं नाही. दुपारीच खेळायचं आणि दुपारीच वीज नाही, एवढं एक साधं वजन आम्ही तराजूत टाकायचं विसरलो होतो. दोन्ही पडदे काळे झाले. रूपरावांनी काळ्या पडद्यात आपला चेहरा पाहिला.

"काई हरकत नाई," ते म्हणाले. "तसं बी अकरा दिवसच राह्यले होते."

आणि त्यांनी गल्ल्यातून धाब्याची कुलपं काढून तेल घालायला घेतलं. तेव्हा मला खरी भीती वाटली. जो माणूस कुलपांना तेल घालतो, तो जाणार असतो.

इतक्यात कॉम्प्युटर हलला. टेबलावरून दोन बोटं पुढे सरकला. रूपरावांनी कुलूप खाली ठेवलं. कॉम्प्युटर पुन्हा दोन बोटं सरकला.

"ही चाल हाये काय?" त्यांनी विचारलं.

मी धावत बाहेर आलो. समोर, हायवेच्या त्या काठाला, बाबा उभे होते आणि दोन्ही हातांनी निळी केबल ओढत होते.

आजोबांच्या काळी आमच्या घरचे लोक विहिरींचा गाळ काढायची कामं घेत. खाली उतरलेला माणूस ओरडला तर विहिरीत आवाज घुमतो, वर काही कळत नाही. म्हणून तो दोर हलवतो. एक झटका म्हणजे थांबा. दोन म्हणजे ओढा. बाबांनी लहानपणी विहिरीच्या काठावर हे ऐकलं होतं, म्हणजे हातांनी ऐकलं होतं. त्यांना पडदा विझलेला कळला तेव्हा त्यांनी जे हाताशी होतं ते ओढून पाहिलं.

संध्याकाळपर्यंत आम्ही दोन्ही कॉम्प्युटर मोकळे केले. आईने आपल्या कॉम्प्युटरवर पुन्हा धणे वाळत घातले. मोरीच्या दोन्ही तोंडांशी बाबांनी जुन्या विहिरीच्या लाकडी कप्प्या बसवल्या, म्हणजे केबल कडेवर घासू नये आणि मोडू नये. "कोपऱ्यात मोडून दाबली तं बिघडते," ते मला म्हणाले, जणू हे त्यांनी मला शिकवलं होतं. दोघांकडे एकेक लाकडी पट आला. पटाला आठ उभ्या रांगा, आठ आडव्या. आधी उभी रांग किती, मग आडवी किती, तेवढे झटके. सोंगटी कुठून उचलली आणि कुठे ठेवली, असे एका चालीला चार आकडे. वीस-पंचवीस झटके. नुसता एकच झटका आला, तर विहिरीतल्यासारखं 'थांबा'.

पहिल्या दिवसापासून ते निभलं. बाबांची चाल अर्ध्या मिनिटात व्हायची आणि ती पाठवायला पाच मिनिटं लागायची. रूपराव चाळीस मिनिटं घ्यायचे. मधल्या वेळात बाबा केबलचं टोक हातात धरून डोळे मिटून बसत. मी विचारलं, कळतं का काही? ते म्हणाले, "थो घोड्याले हात लावून राह्यला." मी म्हणालो, कशावरून? ते म्हणाले, "धर."

मी धरली. ऊन एवढं होतं की रस्ता जागच्या जागी पोहत होता. केबलमधून काहीतरी येत होतं. ट्रकांची थरथर असेल. पण थोड्या वेळाने माझे डोळे मिटले आणि मला अगदी स्पष्ट कळलं की पलीकडे एक म्हातारा घोड्याला हात लावून तो परत काढून घेतो आहे. घोड्याचा एक कान तुटलेला आहे हेसुद्धा कळलं. जागा झालो तर गालावर केबलची खूण उमटली होती. संध्याकाळी धाब्यावर जाऊन पाहिलं. कान तुटलेलाच होता.

एकतीस मे रविवारी आला. सकाळी दहाला धनराजभाऊ टेम्पो घेऊन आले. मी मदतीला म्हणून पलीकडे गेलो होतो. खरं म्हणजे मी काय होतं ते पाहायला गेलो होतो. टेम्पोत पलंग चढला, मोठी भांडी चढली. बाराला रूपराव पट घेऊन मोरीच्या कप्पीजवळ, पिंपळाच्या सावलीत बसले.

"बाबा, चला ना," धनराजभाऊ म्हणाले.

"डाव राह्यला हाये."

"कितीक राह्यला?"

रूपरावांनी पट दाखवला. धनराजभाऊंना बुद्धिबळ येत होतं. ते वाकले, बघत राहिले आणि मग हळुवारपणे म्हणाले, "बाबा, तुमचा राजा तं कोंडला. आता तुमची एक चाल, अन् मंग काकायनं वजीर टाकला का मात."

"माहीत हाये."

"मंग ठीक हाये. डाव पुरा करा, मंग निघू. अधुरा टाकून या म्हनत नाई मी." ते खरंच भले होते. "वचन द्या, डाव संपला का बसाचं टेम्पोत."

"दिलं," रूपराव म्हणाले.

ते चाळीस मिनिटं विचार करतील असं मला वाटलं होतं. त्यांनी साडेतीन तास घेतले. धनराजभाऊ टेम्पोतल्या पलंगावर आडवे झाले आणि झोपले. टेम्पोवाला टेम्पोखाली झोपला. तहसीलदार टेम्पोवाल्याशेजारी झोपला. रूपराव जागे होते, पण त्यांचे डोळे पटावर नव्हते. ते मुलाकडे पाहत होते. घामाने त्याचा शर्ट पाठीला चिकटला होता. साडेतीनला रूपराव स्वतःशीच म्हणाले, "पोरगं कामाचं हाये, उगाच कायले खोळंबवाचं," आणि त्यांनी केबल उचलली. एकोणीस झटके. राजा एक घर डावीकडे.

मी मोटरसायकल काढली आणि तीन किलोमीटर फिरून आमच्या दुकानामागे आलो. बाबांनी चाल पटावर मांडली होती. मी पट पाहिला. वजीर सरळ पुढे नेला की मात. लहान पोरालाही दिसलं असतं. अर्धं मिनिट होऊन गेलं. पाच मिनिटं झाली. बाबांचे हात मांडीवर होते.

"बाबा, तुमची चाल हाये."

"दिसते मले."

"वजीर..."

"मले माहीत हाये वजीर कुठी हाये. गप राह्य."

आई चहा घेऊन आली. तिने पट पाहिला, बाबांकडे पाहिलं आणि कप पटाच्या कडेला ठेवून निघून गेली. चहावर साय आली. सव्वीस वर्षांत एका चालीला एक मिनिट न घेतलेला माणूस गाल हातावर टेकवून बसला होता. चारला लाइट आली आणि दुकानातला कूलर सुरू झाला. बाबा हलले नाहीत. पाचला त्यांनी केबल हातात घेतली.  त्यांनी एकच झटका दिला.

थांबा.

बाबांनी टोक सोडलं नाही. मग केबल अलगद आमच्याकडून तिकडे सरकली, एवढीशी, एकदाच.

सात वाजता धनराजभाऊंनी टेम्पोतून पलंग उतरवला, कारण बापाला रात्री झोपायला काहीतरी हवं. दुसऱ्या दिवशी त्यांना ड्यूटी होती. ते गेले. भांडी घेऊन टेम्पो पुढच्या रविवारी परत आला, तेव्हाही चाल झाली नव्हती. म्हणून टेम्पोवाल्याने भांडीही उतरवली आणि टेम्पो वर्ध्याला रिकामा गेला.

आता पाऊस लागला आहे. मोरीतून पाणी वाहतं आणि निळी केबल पाण्याखालून जाते. बाबा दुपारी छत्री घेऊन बसतात, रूपराव पलीकडे ताडपत्री बांधून बसतात. ती ताडपत्री आमच्याच दुकानातली. बाराला बाबा एक झटका देतात, तिकडून एक येतो. चारला पुन्हा. मधले चार तास दोघं टोकं धरून बसलेले असतात आणि त्यांच्यामधून आंध्राचे ट्रक जात असतात.

धनराजभाऊ दर रविवारी मला फोन करतात आणि विचारतात, काकायची चाल झाली काय?

मी सांगतो, बाबा इचार करून राह्यले.